नर-मादी ओळखायची ती कशासाठी?

घरी आफ्रिकन सिक्लिड मासे पाळणाऱ्याचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. यातला नर कोणता आणि मादी कोणती? आणि पिल्लं कशी मिळवायची? पहिल्याचं उत्तर मिळालं की माणूस सरळ दुसऱ्याकडे वळतो, जणू ओळख पटली म्हणजे वीण घेणं ओघानंच आलं. मला या दोन प्रश्नांमधला सांधाच तपासायचा आहे, आणि तो पुण्याजवळच्या मुळशीत उभं राहून तपासायचा आहे, कारण इथल्या पाण्यात आफ्रिकेतून आलेल्या एका सिक्लिडची गोष्ट आधीच घडून गेली आहे. पुढच्या संवादातले दादा आणि ताई या खऱ्या व्यक्ती नाहीत. दादा मुळशी तालुक्यातल्या जाणत्या हौशी पालकाची बाजू मांडतात आणि ती बाजू दुबळी होऊ नये याची काळजी मी घेतली आहे. ताईंची बाजू माझी आहे.

दादा : ताई, मुळात हे इतकं अवघड का करायचं? भडक रंगाचा तो नर, फिकी करडी ती मादी. एक नर, तीन-चार माद्या, दोनशे लिटरची टाकी, दगडांची रचना, चांगला फिल्टर. दोन महिन्यांत मादीचा गळा फुगलेला दिसतो. घरातली पोरं तासन्‌तास बघत बसतात. याहून चांगलं निसर्गशिक्षण कुठलं?

ताई : शिक्षण आहेच, दादा, म्हणून ते बरोबर घ्यायला हवं. रंगावरून ओळखण्याचा नियम काही माशांना लागू पडतो, म्हणूनच तो फसवतो. मालावी सरोवरातल्या पीकॉकचं तुम्ही म्हणता तसंच आहे. नर निळा, पिवळा, तांबडा आणि मादी करडी-तपकिरी. साउलोसी घ्या. त्याची मादी हळदीसारखी पिवळी आणि वयात आलेला नर काळसर पट्ट्यांचा निळा, लहान मूलही ओळखेल. पण केन्यीत नेमकं उलटं होतं. तिथं मादी आणि पिल्लं निळी असतात आणि टाकीवर हुकूमत मिळवलेला नर पिवळा होतो. साउलोसीवरून शिकलेला माणूस केन्यीच्या टाकीसमोर हमखास उलटं उत्तर देणार. दुकानात सर्वांत जास्त खपणाऱ्या यलो लॅबमध्ये तर नर-मादी दोघंही पिवळे. परांवरचा काळा रंग नरात जास्त गडद असतो खरा, पण दबदबा असलेल्या मादीतही तो उतरतो. रेड झेब्राच्या मूळ जातीत मादी नारिंगी आणि नर निळसर असतो, पण बाजारात नारिंगी नरच इतके आले आहेत की त्या खुणेचा उपयोग उरलेला नाही. एक ठिपकेदार अपवाद मात्र मोलाचा आहे. म्बुना, म्हणजे मालावीच्या खडकांत राहणारे सिक्लिड; त्यांतला नारिंगी अंगावर काळे डाग असलेला मासा बहुतेक वेळा मादीच असतो. का, याचा उलगडा २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. डाग देणारं जनुक आणि मादीपण ठरवणारं जनुक एकाच गुणसूत्रावर शेजारी बसलेली आहेत, त्यामुळे ती बहुधा जोडीनंच पुढच्या पिढीत उतरतात. असा डागाळलेला नर क्वचित सापडतो, आणि सापडला की मोठ्या किमतीला जातो.

दादा : बरं, रंग सोडा. शेपटीच्या अलीकडे पोटाखाली जो पर असतो, त्यावरचे पिवळे गोल ठिपके बघायचे. ठिपके असले की नर. हे तर सगळेच सांगतात.

ताई : सगळे सांगतात आणि अर्धंच सांगतात. ठिपके दोघांतही असतात, नरात ते मोठे, रेखीव आणि संख्येनं जास्त असण्याची शक्यता असते एवढंच. त्यांचं काम मात्र विलक्षण आहे. जर्मन प्राणिवर्तनतज्ज्ञ वोल्फगांग विकलर यांनी १९६२ साली मांडलं की हे ठिपके म्हणजे अंड्यांची नक्कल आहेत. मादी एकेक करून अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलते. मग नर पर पसरून थरथरतो, तिला ते ठिपके राहून गेलेल्या अंड्यांसारखे वाटतात, ती त्यांना टोचायला जाते आणि नरानं सोडलेलं वीर्य तिच्या तोंडात जाऊन आतली अंडी फळतात. पुढच्या संशोधनानं या मांडणीत भर घातली, काही बाबतीत शंकाही घेतल्या, पण ठिपक्यांचा संबंध विणीच्या या खेळाशी आहे हे टिकून राहिलं. म्हणजे ठिपका हा नराचा शिक्का नाही, त्याचं साधन आहे, आणि साधन दुसऱ्याकडेही असू शकतं. याहून मोठी अडचण पुढे आहे. टांगानिका सरोवराच्या परिसरातल्या बर्टोनी नावाच्या सिक्लिडवर अमेरिकेत रसेल फर्नाल्ड यांनी अनेक वर्षं काम केलं. तिथं दिसलं की नराचा रंग त्याच्या नरपणावर नव्हे, त्याच्या हुद्द्यावर अवलंबून असतो. ज्याच्याकडे जागा आहे तो नर झळकतो, हरलेला नर मादीसारखा फिका पडतो, आणि वरचा नर काढून घेतला की हाच फिका नर काही मिनिटांत रंग दाखवायला लागतो. त्याच्या मेंदूत आणि वृषणांतही बदल सुरू होतात. तुमच्या टाकीत ज्या चार ‘माद्या’ आहेत, त्यातली एखादी दबलेला नर असण्याची शक्यता म्हणूनच खरी आहे. आणि उलटही होतं. काही विक्रेते पिल्लांना नरसंप्रेरक देऊन अकाली रंग आणतात, त्यामुळे विकत घेतलेला झगमगता ‘नर’ घरी येऊन काही आठवड्यांत करडी मादी निघते.

दादा : म्हणजे ओळखायचंच नाही का?

ताई : ओळखायचं, पण उलटं करून. मासा पाच-सहा सेंटीमीटरच्या पुढे गेला की ओल्या हातानं किंवा ओल्या जाळीत धरायचा, पोट वर करायचं आणि चांगल्या उजेडात पोटाखालची दोन छिद्रं बघायची. पुढचं विष्ठेचं, मागचं जननाचं. दोन्ही साधारण सारखी दिसली तर नर. मागचं ठळकपणे मोठं दिसलं तर मादी, कारण तिथून अंडं बाहेर पडायचं असतं. एकटा मासा बघून नवशिका चुकतो. एकाच जातीचे, एकाच मापाचे चार-पाच मासे शेजारी-शेजारी बघितले की फरक डोळ्यात भरतो. काही सेकंदांत काम उरकून मासा पाण्यात परत सोडायचा. रंग, ठिपके, भांडणाची रीत ही सगळी साक्ष आहे, निकाल इथे लागतो. आणि हे कौशल्य मासेपालनाच्या दुसऱ्या एका धंद्यानं आपल्या आधी कमावलं आहे. तिलापिया पाळणाऱ्यांनी.

दादा : चिलापी? ती खाण्यासाठी. तिचा आणि माझ्या टाकीतल्या निळ्या म्बुनाचा काय संबंध?

ताई : सख्ख्या चुलत भावाचा. आपण ज्याला चिलापी म्हणतो तो तिलापिया आफ्रिकन सिक्लिडच आहे आणि त्याची मादीसुद्धा अंडी तोंडातच उबवते. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ साली आणला गेला. हेतू चांगला होता: गरिबाच्या ताटात स्वस्त प्रथिन. पण तळ्यात हा मासा जेमतेम काही महिन्यांचा, बोटाएवढा असतानाच वयात येतो आणि मग महिन्या-दीड महिन्यानं वीण देत राहतो. तळं पिल्लांनी भरतं, खाणं वाटलं जातं, आणि विकण्याजोगा मोठा मासा कुणीच होत नाही. १९५९ सालीच देशाच्या मत्स्यसंशोधन समितीनं त्याच्या प्रसारावर बंदी घालण्याचा निर्णय घेतला, पण तोवर तो सुटला होता. जगभरच्या तिलापिया पाळणाऱ्यांनी यातून काय काढलं ते बघा. त्यांनी नर-मादी ओळखायला शिकून माद्या बाजूला काढायला सुरुवात केली. तिलापियात नराला पोटाखाली दोन छिद्रं, मादीला तीन. कामगार हातात धरून एकेक मासा निवडत. पुढे अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांना तीन-चार आठवडे नरसंप्रेरकाचं खाद्य देऊन जवळजवळ सगळे नरच तयार करण्याची पद्धत रूढ झाली. म्हणजे ज्या धंद्याचं पोटच माशावर आहे, त्यानं लिंगओळखीचा पहिला उपयोग वीण घेण्यासाठी नाही, वीण थांबवण्यासाठी केला. माझं म्हणणं एवढंच आहे की हौशी पालकानंही हे कौशल्य आधी त्यासाठी शिकावं. टाकीत नर-मादी एकत्र ठेवायची की नाही हा निर्णय जाणून घ्यावा, नकळत होऊन जाऊ देऊ नये.

दादा : पण चिलापीला दहा हजार पिल्लं, माझ्या मादीला वीस-तीस. तुम्ही हत्ती आणि मुंगी एका तराजूत घालताय.

ताई : आकडा नीट बघू या. चिलापीची एक वीण शेकड्यांत असते, दहा हजारांत नाही, आणि ही कमी संख्याच महत्त्वाची गोष्ट आहे. आपले नदीतले मासे, म्हणजे महसीर किंवा कोळससारखे, अंडी वाळूत, गोट्यांत टाकून निघून जातात. अंडी हजारोंनी असतात आणि बहुतेक खाल्ली जातात, वाळतात, गाळात दबतात. तोंडात अंडी धरणारी मादी उलट करते. म्बुना मादी वीस-तीस, फार तर पन्नास-साठ अंडी घालते, पण जवळजवळ तीन आठवडे काही न खाता ती तोंडात वागवते, आणि सोडते ती सेंटीमीटरभर लांबीची, पोहू शकणारी पिल्लं. कमी अंडी आणि मोठा टिकाव, ही या माशांची रीत. हे आता मुळशीला लावा. मुळशीचं धरण टाटांनी विजेसाठी बांधलं. पाणी पश्चिमेला बोगद्यातून भिऱ्याच्या वीजघरावर उतरतं, आणि पाऊस संपल्यापासून पुढच्या पावसापर्यंत जलाशयाची पातळी खाली-खाली जात राहते. काठाजवळ घातलेलं अंडं उघडं पडून वाळण्याचा धोका अशा जलाशयात कायमचा असतो. तोंडात अंडी घेऊन फिरणाऱ्या मादीला मात्र पाणी ओसरलं तरी फरक पडत नाही. ती पाण्याबरोबर मागे सरकते. वीजनिर्मितीसाठी उपसल्या जाणाऱ्या जलाशयात कुठल्या प्रकारच्या माशाचं फावणार, हे या एका गोष्टीवरून कळतं. घरच्या टाकीत हाच गुण आपल्याला ‘सोपी वीण’ म्हणून आवडतो. टाकीत जे सोपं, ते बाहेर आवरायला अवघड. दोन्हीचं कारण एकच आहे.

दादा : ठीक. पण म्बुना बाहेर जगेलच कसा? मालावीचं पाणी क्षारयुक्त, पीएच आठच्या आसपास. आपल्या ताम्हिणी घाटातल्या पावसाचं पाणी मऊ. आम्ही टाकीत शिंपल्यांचा चुरा, प्रवाळाचे खडे, खायचा सोडा घालून पाणी जड करतो ते काय उगाच? धरणात टाकला तर मरेल, आणि न मेला तर एखादा बगळा खाईल. भीतीचा बाजार मांडू नका, ताई.

ताई : म्बुना मुळशीच्या जलाशयात वसलाय असं मी म्हणत नाही. बहुतेक सुटलेले मासे मरतीलही. पण ‘मरेल’ या भरवशाचे दोन पाय लुळे आहेत. पहिला पाय म्हणजे पाणी. तुमच्या टाकीतला मासा मालावी सरोवरातून आलेला नाही. तो चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या ठिकाणी, कोलकात्याजवळ किंवा पुण्याच्याच एखाद्या घरात, पिढ्यान्‌पिढ्या इथल्या पाण्यात वाढलेल्यांचा वंशज आहे. इथल्या पाण्यात जो टिकला, त्याचीच पिल्लं आपण ठेवली, विकली, वाटली. सोशीकपणाची निवड आपणच करत आलोय आणि मग म्हणतोय की तो नाजूक आहे. दुसरा पाय म्हणजे अनुभव. आफ्रिकेतलाच ज्वेल सिक्लिड दुकानांत सर्रास मिळतो. फ्लोरिडात तो १९६०च्या दशकात सुटला, बरीच वर्षं एका कोपऱ्यात गप्प राहिला आणि पुढे एव्हरग्लेड्सच्या पाणथळीत पसरला. सुटल्यावर वीस-तीस वर्षं काही झालं नाही म्हणजे पुढेही होणार नाही, असं त्या उदाहरणावरून म्हणता येत नाही. आणि सर्वांत बोलकं उदाहरण खुद्द मालावीतलं आहे. शोभेच्या माशांची निर्यात करणाऱ्यांनी १९६० आणि ७०च्या दशकांत सरोवराच्या एका भागातले म्बुना दुसऱ्या भागात, थुंबी वेस्ट बेटाजवळ सोडले. पाणी तेच, सरोवर तेच. तरी सोडलेल्यांपैकी काही तिथं वसले आणि मूळच्या माशांशी त्यांचा संकर झाल्याचं पुढे जनुकांच्या तपासणीत दिसलं. आपल्याच सरोवरात चुकीच्या खडकावर नेऊन सोडलेला मासा इतकं करू शकतो.

दादा : मला यात एक गोष्ट खटकते. मुळशीचं धरणच माणसानं केलेलं. १९२१ साली सेनापती बापटांबरोबर इथल्या लोकांनी सत्याग्रह केला, तरी गावं पाण्याखाली गेलीच. तिथं आता काय ‘मूळचं’ उरलंय? शिवाय चिलापी सगळीकडे आहे. उजनी धरणावर जाऊन बघा, भिगवणच्या हॉटेलांत लोक चिलापी फ्राय खायला लांबून येतात. मच्छीमारांची चूल तिच्यावर पेटते. परदेशातून आला म्हणून वाईट, हे मला पटत नाही.

ताई : मलाही पटत नाही. मच्छीमारांशी तर माझं अजिबात वाकडं नाही. जे पाण्यात आहे तेच ते पकडणार, आणि चिलापी पाण्यात कुणी आणली हा हिशेब त्यांच्या दारात मागणं अन्यायाचं आहे. परदेशी-देशी ही माझी कसोटीच नाही, आणि याचा पुरावा आपल्याच पाण्यातून देते. डेक्कन महसीरचं शास्त्रीय वर्णन १८३९ साली कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केलं. तो इथलाच मासा. धरणांमुळे तो कमी होत चालला म्हणून १९७०च्या सुमारास सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्यात त्याची कृत्रिम वीण घेण्याचं काम केलं, आणि वळवणच्या टाटांच्या मत्स्यकेंद्रातून लाखो पिल्लं तयार झाली. उत्तम काम होतं. पण ही पिल्लं देशात दूरदूर गेली, कावेरीतही सोडली गेली. कावेरीत पाठीवर कुबड असलेला वेगळाच महसीर होता, फक्त तिथेच सापडणारा. मासेमारीच्या नोंदी तपासून अभ्यासकांनी २०१५ साली दाखवलं की बाहेरून आलेला महसीर वाढत गेला आणि कुबडवाला जवळपास दिसेनासा झाला. २०१८ साली आययूसीएनच्या संकटग्रस्त जातींच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त ठरला. पुण्याचा, देशी, गुणी, काळजीनं वाढवलेला मासा. चुकीच्या नदीत गेला आणि तिथल्या माशाची जागा घेतली. म्हणून मी ‘परदेशी’ म्हणत नाही, ‘चुकीच्या पाण्यातला’ म्हणते. आता धरणाचं. जलाशय माणसानं केला हे खरं, आणि त्यामुळेच तो जास्त उघडा आहे. साचलेलं पाणी वाहत्या पाण्याच्या माशाला मानवत नाही आणि चिलापीला मानवतं. पण जलाशयाला मिळणारे ओढे माणसानं केलेले नाहीत. पुणे परिसरातल्या अशा खळाळत्या पाण्यात मळ्या आणि मुऱ्यांसारखे दगडाला धरून जगणारे मासे आहेत. त्यांतले काही पश्चिम घाट आणि दख्खनपलीकडे मिळत नाहीत. शिवाय तुम्ही नदीच्या उगमाकडे बसला आहात, दादा. मुळशीतून मुळा पुण्यात येते, मुठेला मिळते, पुढे भीमेत आणि उजनीत जाते; दुसऱ्या बाजूनं बोगद्यातलं पाणी कोकणात कुंडलिकेत उतरतं. एकाच जलाशयाचं पाणी दोन्हीकडे जातं अशा जागी बसणाऱ्याची जबाबदारी उजनीच्या काठावरच्या माणसापेक्षा जास्त आहे. आणि ‘आधीच चिलापी आहे’ हे आणखी एखादा मासा सोडायचं कारण होऊ शकत नाही. पाण्यात वसलेला मासा परत काढता येत नाही, हे १९५९ नंतरच्या सगळ्या वर्षांनी सांगितलं आहे.

दादा : आता माझी बाजू ऐका. जगात असे सिक्लिड आहेत की ते हौशी लोकांनी वाढवले म्हणून टिकले. तुम्ही साउलोसीचं नाव घेतलंत. तो मालावीत चिझुमुलू बेटाजवळच्या एका छोट्या खडकाळ भागातच मिळायचा आणि शोभेच्या बाजारासाठी इतका पकडला गेला की आज अतिसंकटग्रस्त आहे. घरात वाढवलेला साउलोसी विकला जातो म्हणजे तेवढे जंगली मासे वाचतात. व्हिक्टोरिया सरोवराचं उदाहरण तर जगजाहीर आहे. १९५०च्या दशकात तिथं नाईल पर्च सोडला, १९८०च्या दशकात तो बेसुमार वाढला आणि शेकडो जातींचा घास घेतला. त्यातल्या काही आज फक्त काचेच्या टाक्यांत आहेत. वीण थांबवा म्हणणारे लोक जास्त असते तर त्याही गेल्या असत्या.

ताई : तुमचा हा मुद्दा सर्वांत भक्कम आहे आणि मी तो मान्य करते. वीण घेऊच नका असं मी म्हटलेलं नाही. जाणून घ्या, असं म्हणते. पण तुमच्या उदाहरणातच एक अट दडलेली आहे. साउलोसीची वीण उपयोगाची, कारण ती साउलोसीचीच असते. घरच्या टाकीत मात्र काय असतं? दुकानातून आणलेली दहा रंगांची दहा पिल्लं, ‘मिक्स्ड आफ्रिकन’ म्हणून. त्यात यलो लॅबची मादी असते, तिच्या जातीचा नर नसतो, मग ती झेब्रा नराकडे जाते. सरोवरात तिनं असं केलं नसतं, कारण तिथं निवडीला वाव होता. हे कसं घडतं तेही व्हिक्टोरियातूनच कळतं. ओले सीहाउझेन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवलं की तिथल्या माद्या रंग बघून आपल्या जातीचा नर निवडतात. पाणी गढूळ झालं, रंग दिसेनासे झाले, आणि जवळच्या जाती एकमेकींत विरघळू लागल्या. म्हणजे नाईल पर्चनं जे खाल्लं ते खाल्लं, उरलेल्यांतल्या काही गढुळ पाण्यानं पुसल्या. मिश्र टाकीत आपण स्वच्छ पाण्यातही तेच करतो, निवड काढून घेतो. त्या संकरित पिल्लांचा जंगली माशांना काडीचा उपयोग नाही, उलट ती ‘यलो लॅब’ म्हणून विकली गेली की पुढच्या घरची शुद्ध ओळही बिघडते. म्हणून संवर्धनासाठी वीण घ्यायची असेल तर एका टाकीत एकच जात, मासे कुठून आले याची नोंद, आणि पिल्लं घेणारा आधीच ठरलेला. हे तिन्ही नसेल तर वीण ही हौस आहे, संवर्धन नाही. हौस करायला हरकत नाही, पण तिला संवर्धनाचं नाव देऊ नये.

दादा : आणि एकाच लिंगाचे मासे ठेवायचे म्हणजे त्यांच्यावर अन्याय नाही का? शिवाय नुसते नर ठेवले तर मारामाऱ्या होऊन टाकी रिकामी होईल.

ताई : मारामारी होते ती बहुतेक मादीसाठी आणि विणीच्या जागेसाठी. टाकीत एकही मादी नसेल आणि एकमेकांसारखे दिसणारे दोन नर नसतील, तर पीकॉक आणि त्यांच्यासारख्या मोकळ्या पाण्यातल्या मालावी सिक्लिडांची नर-टाकी चांगली चालते. जगभर हौशी लोक ती ठेवतात. रंग टिकतो, कारण रंग प्रतिस्पर्ध्याला दाखवण्यासाठीही असतो. म्बुनात हे जड जातं, ते स्वभावानंच तापट. आणि बर्टोनीनं जे शिकवलं ते इथेही लागू आहे. खालच्या हुद्द्याचे काही नर फिके राहतील, सगळेच झगमगणार नाहीत. हे मी लपवणार नाही. पण इथेच छिद्रं बघण्याचं ते कौशल्य पणाला लागतं, कारण नर-टाकीत चुकून राहिलेली एक मादी सगळी शांतता मोडते. ज्यांना म्बुनाच हवेत त्यांनी एका जातीचा गट ठेवावा आणि वीण होणार हे गृहीत धरूनच ठेवावा. अन्यायाचं म्हणाल तर, पिल्लं जन्माला घालून त्यांना नाला दाखवणं हा त्याहून मोठा अन्याय आहे. कारण गोष्ट तिथंच येते ना? दर दीड-दोन महिन्यांनी तीस पिल्लं. पहिली वीण मित्रांना जाते, दुसरी दुकानदार फुकट घेतो, तिसरी कुणी घेत नाही. मारवत नाहीत, पोसवत नाहीत, मग माणूस पावसाळ्यात बादली घेऊन ओढ्याकडे निघतो आणि त्याला ते दयेचं काम वाटतं. अनेक देशांत सकर माशाच्या बाबतीत असंच घडलं. घरात हातभर वाढला, टाकीत मावेना, जवळच्या पाण्यात सोडला, आणि आज भारतातल्याही कित्येक तलावांत-नद्यांत तो मच्छीमारांची जाळी फाडतो आहे.

दादा : मान्य. मग मला सरळ सांगा. आत्ता या क्षणी टाकीतल्या मादीनं तोंडात अंडी धरलीत. गळा फुगलाय, खात नाहीये. तिचं काय करू?

ताई : पिल्लं घेणारा ठरलेला आहे का?

दादा : नाही.

ताई : मग काही करू नका. तिला वेगळ्या टाकीत काढू नका, बाराव्या-पंधराव्या दिवशी तोंड उघडून पिल्लं काढून घेण्याचा खटाटोप करू नका. ती आहे तिथेच राहू द्या. तीन आठवड्यांनी ती पिल्लं सोडेल आणि टाकीतले बाकीचे मासे बहुतेक खाऊन टाकतील. मालावीच्या खडकांतही बहुतेकांचं हेच होतं. दगडांच्या फटीत एखादं-दुसरं वाचेल, ते मोठं झालं की पोट बघून नर की मादी ठरवा. जास्त झालीच आणि मारावी लागलीच, तर लवंगेच्या तेलानं आधी पूर्ण बेशुद्ध करून मारायची रीत आहे, ती नीट शिकून घ्या. बादलीतून ओढ्यात सोडण्यापेक्षा ती माणुसकीची आहे. पाणी बदलताना पाइपातून ओढलेलं पाणी बारीक जाळीतून गाळा आणि मग अंगणातल्या झाडांना घाला, गटारात किंवा ओढ्यात नको, कारण सेंटीमीटरभराचं पिल्लू पाइपातून सहज निघून जातं. पावसात तर ओढा घराच्या दारापर्यंत येतो, तेव्हा टाकी अंगणात किंवा पडवीत ठेवायची नाही. आणि पुढच्या आठवड्यात एकेक मासा हातात धरून बघा. त्या चार ‘माद्यां’तल्या किती खरोखर माद्या आहेत ते आधी कळू दे.